केंद्रापर्यंत येऊ न शकणाऱ्यांचे काय?



मार्च उजाडला की विदर्भातल्या महापालिका आणि जिल्हा परिषदा उष्माघात कृती आराखड्याची उजळणी करतात. रुग्णालयांत शीत कक्ष, चौकाचौकांत पाणपोया, बागा दुपारीही उघड्या, आमच्या नागपुरात भरदुपारी काही सिग्नल बंद. हे सारे हवेच. पण यातली बहुतेक प्रत्येक सोय घराबाहेर पडू शकणाऱ्या माणसासाठी आहे. टिनाच्या छपराखाली अंथरुणाला खिळलेल्या माणसापर्यंत यातले काहीच पोचत नाही, आणि उन्हाचा पहिला फटका त्यालाच बसतो.

करोनातही हेच झाले. साठीपुढच्यांचे लसीकरण 1 मार्च 2021 रोजी सुरू झाले. ज्यांना खाटेवरून उठता येत नाही त्यांना घरी जाऊन लस द्या, यासाठी लोकांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. मुंबईत अशी लस प्रत्यक्ष मिळू लागायला जुलैअखेर उजाडली. तोवर दुसरी लाट येऊन माणसे घेऊन गेली होती. त्यातही पालिकेने नावे मागवली ती ई-मेलवर. ज्याच्या घरात ई-मेल करणारे कुणी आहे त्याचे नाव लागले. एकट्या राहणाऱ्याचे कळवणार कोण?

फ्रान्सने हा धडा फार मोठ्या किमतीत घेतला. ऑगस्ट 2003 च्या उष्णतेच्या लाटेत तिथे सुमारे 15 हजार माणसे दगावली, बहुतेक वृद्ध. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि वृद्ध व अपंग रहिवाशांची नोंदवही ठेवणे महापौरांवर बंधनकारक झाले. लाट आली की त्या यादीतल्यांची विचारपूस होते. मात्र तिथेही नोंदणी ऐच्छिक आहे. ज्याचा जगाशी संबंधच तुटला आहे, त्याचे नाव अशा वहीत सहसा येत नाही.

आपल्याकडे याहून पक्की रीत आहे, आणि ती आपणच घडवली आहे. पल्स पोलिओच्या फेऱ्यांत मी आरोग्यसेविका म्हणून काम केले आहे. रविवारी बूथ लागायचा, पण खरे काम सोमवारपासून. घरोघरी जायचे आणि दाराशेजारी खडूने खूण करायची. घरातल्या सगळ्या बाळांना डोस मिळाला तर ‘पी’. कुलूप असेल, बाळ गावाला गेले असेल किंवा घरचे नको म्हणत असतील तर ‘एक्स’. ‘एक्स’ची घरे कागदावर वेगळी उतरवायची आणि तिथे पुन्हा जायचे, गरज पडली तर सासूबाईंना समजावायला शेजारच्या काकूंना सोबत घेऊन. वीटभट्ट्या, बांधकामे, एसटी स्टँड, काही सुटायचे नाही. जानेवारी 2011 नंतर देशात नैसर्गिक (वन्य) विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा नवा रुग्ण सापडला नाही, त्याचे मोठे श्रेय या ‘एक्स’च्या घरांमागे लागण्याला आहे.

माझी मागणी एवढीच की, तसेच उन्हाळ्यासाठी करा, आणि फेब्रुवारीतच करा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना वस्तीतले घर न् घर माहीत असते. एकटे कोण राहते, अंथरुणाला कोण खिळले आहे, छप्पर कसले आहे, गोळ्या कोणत्या चालू आहेत, एवढे विचारून यादी करता येते. गोळ्यांचे विचारलेच पाहिजे. लघवीची गोळी चालू असलेल्या आजींनी उन्हाळ्यात किती पाणी प्यावे, हे ‘भरपूर पाणी प्या’ म्हणणारे पत्रक सांगू शकत नाही. कित्येक बायका तर संडास लांब आहे म्हणून दुपारभर पाण्याला शिवत नाहीत; हे दारात बसून बोलल्याशिवाय कळत नाही. यादीतल्या प्रत्येक नावापुढे दार ठोठावणारा एक शेजारी लिहा. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की त्याने सकाळ-दुपार हाक मारायची, आणि ओ आली नाही तर थेट आरोग्य केंद्राला फोन.

अशी यादी चोरांच्या हाती लागेल, हा आक्षेप मी हलका मानत नाही. करोनात रुग्णांची नावे व्हॉट्सॲपवर फिरली, घरांवर फलक लागले; शेवटी डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. म्हणून नाव संमतीनेच घ्यावे, वही आरोग्य केंद्रात कुलुपात राहावी आणि शेजाऱ्याला फक्त त्याच्या वाट्याचे घर माहीत असावे. संमती न देणाऱ्याच्या दारावरही लाटेत एकदा टकटक करायला कुणाची हरकत नसावी.

राहिला पैशाचा प्रश्न. आशांना पगार नाही, मानधन आहे, आणि प्रत्येक नवी मोहीम त्यांच्याच माथी येते. महामारीच्या ऐन काळात, जून 2021 मध्ये, महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले होते. उन्हातान्हात दारोदार फिरायला सांगताना त्यांना टोपी, पाणी आणि सकाळची वेळ द्या. दर भेटीमागे किती रुपये आणि कोणत्या तारखेला मिळणार, हे आराखड्यात छापा. ती ओळ कोरी असेल तर आयुक्तांनी त्यावर सही करू नये.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, नागपूर