घरखर्चाची वही : वॅटच्या आकड्याला भुलू नका

बोनस हाती पडायच्या आधीच घरात त्याचे वाटेकरी ठरलेले असतात. मुलीची फी, आजीचा चष्मा, पावसाळ्यापूर्वी छताची डागडुजी, आणि त्यातून काही उरलेच तर एखादी हौसेची वस्तू. या हौसेच्या यादीत घरातल्या जुन्या स्टिरिओचा नंबर बऱ्याच घरांत लागतो. मग विचारणा होते : "जुना अ‍ॅम्प्लिफायर काढून नवा घ्यायचा आहे, किती वॅटचा घेऊ?" प्रश्न साधा आहे, पण तो चुकीच्या टोकाने धरलेला आहे. म्हणून आज वहीचे हे पान त्यासाठी.

कष्टकरी माणसाने हौस केली की नाके मुरडणारे लोक असतात. मला ते पटत नाही. दिवसभर यंत्रांचा खडखडाट ऐकून आलेल्या माणसाने रात्री घटकाभर चांगल्या आवाजात गाणे ऐकले, तर त्यात उधळपट्टी कसली? शिवाय आपल्याकडे गाणे ही नुसती करमणूक नव्हती. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत विचार पोचला तो गाण्यातून. वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांची गीते असोत की प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज असो, त्यातला शब्द न् शब्द कानी आला पाहिजे. आपल्या घरातल्या यंत्राची पहिली कसोटी हीच. भिंती हादरतात की नाही, ही कसोटी नव्हे.

आधी दोष कुठे आहे ते पाहा

"आवाज बिघडला" म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर गेला, असे नसते. एका बाजूचा आवाज येत नसेल तर यंत्र बंद करून मागच्या दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. मुका स्पीकर तोच राहिला तर दोष त्या स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा किंवा त्याच्याआधीच्या यंत्राचा. मग आत येणाऱ्या पिनांची अशीच अदलाबदल करा, म्हणजे तेही कळते. या तपासणीला एक पैसा लागत नाही.

कॅसेटचा आवाज मंद, घोंगडीखालून आल्यासारखा वाटत असेल तर बहुधा टेपचे हेड मळलेले असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने ते पुसा. गाणे लडबडत असेल तर आतला रबरी बेल्ट सैल झालेला असू शकतो. आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते ती बहुतेक वेळा बटणातल्या धुळीची. कारागीर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ती घालवतो. अ‍ॅम्प्लिफायरचे झाकण मात्र स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहू शकतो.

स्पीकरची जागाही पाहा. दोन्ही स्पीकर कपाटावर एकाला एक चिकटवून ठेवले, तर कोणताही अ‍ॅम्प्लिफायर आणला तरी आवाज गढूळच येणार. कोपऱ्यात खुपसला की खर्ज फुगतो आणि शब्द बुडतात. स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे, एकमेकांपासून दूर आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला आहे ना, याची खात्री करा. एका बाजूला उलटे लागले तर खर्ज पातळ होतो आणि दोष यंत्राला दिला जातो.

एवढे करूनही भागले नाही, तरच खिशात हात घाला.

वॅट दुप्पट, आवाज दुप्पट नव्हे

दुकानदार म्हणतो, "तुमचा २० वॅटचा आहे, हा ४० चा घ्या, डबल आवाज." हे खरे नाही. आवाजाचे माप डेसिबल. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट हवेत. म्हणजे २० चे ४० केले तर फरक जाणवेल, पण आवाज दुप्पट झाला असे वाटायला २०० वॅट लागतील. ४० वॅटसाठी जादा पैसे मोजताना एवढे ध्यानात ठेवावे.

उलट स्पीकरच्या पाठीवर किंवा कागदावर एक आकडा असतो, तो कोणी पाहत नाही. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. एक वॅट दिला असता एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज काढतो, ते तो सांगतो. ८२ डेसिबलचा स्पीकर आणि ८७ डेसिबलचा स्पीकर यांत पाच डेसिबलचा फरक आहे. पहिल्याला दुसऱ्याइतके वाजवायला तिप्पट वॅट लागतात. म्हणून अनेकदा अ‍ॅम्प्लिफायर बदलण्यापेक्षा चांगला स्पीकर घेणे स्वस्त पडते.

आपली खोली दहा बाय बाराची. माणसांचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. ८७ डेसिबलच्या स्पीकरवर रोजचे ऐकणे एक-दोन वॅटमध्ये भागते. ढोलकीची थाप पडते त्या क्षणाला जास्त लागतात, त्यासाठी शिल्लक हवी. ती धरूनही एका बाजूला खरे २० ते ३० वॅट अशा खोलीला पुरतात. मात्र लहान यंत्र शेवटपर्यंत पिळू नये. आवाज फाटू लागला की त्या फाटक्या आवाजाने स्पीकरमधला छोटा ट्विटर जळतो.

जमेपेक्षा खर्च जास्त कसा?

मी "खरे" वॅट म्हटले, त्याला कारण आहे. १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर पीएमपीओ म्हणून शेकड्यांनी वॅट छापलेले असत. त्या आकड्याला सर्वमान्य मोजमाप नव्हते आणि आजही नाही. पाहायचा तो आरएमएस आकडा. तोही किती ओहमला आणि किती टक्के विकृतीला, ते विचारावे.

आता बाजारात हातावर मावतील असे छोटे अ‍ॅम्प्लिफायर आले आहेत. त्यांना डी वर्गाचे म्हणतात. ते वीज कमी खातात, फारसे तापत नाहीत आणि वजनाला हलके असतात. हलके म्हणून ते वाईट नव्हेत. आपल्या बेतात बसणारी ती चांगली वस्तू आहे. पण खोक्यावर "५० अधिक ५० वॅट" लिहिलेले असते, तिथे कारकुनी डोके चालवा. अशा पुष्कळ यंत्रांत टीपीए ३११६ नावाची चिप असते. तिचा ५० वॅट हा आकडा २१ व्होल्ट पुरवठा, ४ ओहमचा स्पीकर आणि १० टक्के विकृती धरून दिलेला आहे.

सोबतचा अडॅप्टर पाहा. त्यावर १२ व्होल्ट, ३ अँपिअर लिहिले असेल तर गुणाकार करा. जमा ३६ वॅट. दोन्ही बाजू मिळून सतत खर्च १०० वॅट? असा ताळेबंद कोणता ऑडिटर पास करील? अशा यंत्राचा कमाल हिशोब सोपा आहे. व्होल्टचा वर्ग करा आणि ओहमच्या दुपटीने भागा. १२ गुणिले १२ म्हणजे १४४. आठ ओहमच्या स्पीकरला १६ ने भागले की ९ वॅट. चार ओहमला १८ वॅट. त्यापुढे आवाज फाटतो. तेच यंत्र १९ व्होल्टवर चालवले तर आठ ओहमला २२ वॅटच्या आसपास जाते, आणि तेवढे आपल्या खोलीला पुरेसे आहे. म्हणून "अडॅप्टर किती व्होल्टचा, किती अँपिअरचा" हा पहिला प्रश्न विचारा. वेगळा अडॅप्टर लावायचा तर यंत्रावर लिहिलेल्या कमाल व्होल्टच्या वर जाऊ नये, आणि पिनेची अधिक-उणे बाजू जुळली पाहिजे. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहा.

ओहम आणि जोडण्या

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे "४ ते ८ ओहम" किंवा "८ ओहम" असे लिहिलेले असते. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच बाजूला समांतर जोडले की ते चार ओहमचे होतात. फक्त आठ ओहमसाठी केलेल्या यंत्राला हा भार झेपत नाही. ते तापते आणि जाते. सभा-समारंभाचा अ‍ॅम्प्लिफायर घरी लावायचा मोह होतो. त्याच्या मागे १०० व्होल्ट लाइनचे स्क्रू असतात. ते कर्ण्यांच्या ट्रान्सफॉर्मरसाठी असतात. घरचा स्पीकर त्याला कधीही जोडू नका.

घरात काय काय जोडायचे आहे, त्याची यादी करूनच दुकानात जा. मोबाइलला ब्लूटूथ किंवा साधी वायर चालते. काही नव्या टीव्हींना आवाजासाठी फक्त ऑप्टिकल किंवा एचडीएमआय जोडणी असते. अ‍ॅम्प्लिफायरला लाल-पांढऱ्या गोल पिनाच असतील तर मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लागेल. त्याचे पैसे आधीच धरा. तबकडीचा प्लेअर चुंबकी पिनेचा असेल तर "फोनो" लिहिलेली जागा किंवा वेगळा प्रीअ‍ॅम्प्लिफायर लागतो. स्पीकरच्या महागड्या वायरीच्या नादी लागू नका. चार-पाच मीटरला दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर उत्तम चालते.

जुना घेणार असाल तर

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली येथे या वस्तूंची दुकाने ओळीने आहेत. जुना चांगला अ‍ॅम्प्लिफायर कमी पैशांत मिळू शकतो, पण घाई नको. आपल्या कानाखालून गेलेली दोन गाणी आणि जमल्यास आपला एक स्पीकर सोबत न्या. आवाज शून्यावर ठेवून घुमघुम येते का ते ऐका. प्रत्येक बटण फिरवून पाहा. अर्धा तास वाजवू द्या. काही दोष यंत्र तापल्यावरच उघडे पडतात. गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध येतो का आणि ढोलकीच्या दोन्ही तोंडांचे बोल वेगळे कळतात का, ते पाहा. मागे २३० व्होल्ट लिहिलेले आहे ना? जपानच्या बाजारातले यंत्र १०० व्होल्टचे असते. आपल्या प्लगमध्ये थेट लावले की संपले. वीस-तीस वर्षे जुन्या यंत्राचे कपॅसिटर सुकलेले असू शकतात, म्हणून दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवूनच भाव करा.

धातूच्या खोक्याच्या यंत्राला तीन पिनांचा प्लग असेल तर त्याची अर्थिंगची पिन कापू नका. "पिन काढा, घुमघुम जाईल" असा सल्ला देणारे भेटतात. घुमघुम जाईलही, पण आत वायर सुटून खोक्याला लागली तर घरातल्या लेकराचा जीव जाईल. हा सौदा कोणत्याही गाण्यासाठी करू नये.

हप्त्याचा हिशोब

"फक्त ११५० रुपये महिना" ही पाटी गोड दिसते. १२,००० ची वस्तू, सरळ १५ टक्के व्याज, बारा हप्ते. व्याज १,८०० झाले. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर वर्षभर लावलेले असते. घटत्या शिलकीवर मांडले तर हा दर वर्षाला २६ टक्क्यांच्या पुढे जातो. तेच ११५० रुपये आपणच महिन्याला बाजूला टाकले तर अकराव्या महिन्यात रोखीने वस्तू घरात येते, आणि मधल्या काळात दुखणे-खुपणे निघाले तर पैसा आपल्या हातात असतो.

समजा हाताशी ८,००० रुपये आहेत. स्पीकर चांगले असतील तर ५,००० पर्यंत अ‍ॅम्प्लिफायर, १,००० वायर-कन्व्हर्टरला आणि २,००० शिल्लक. स्पीकर थकलेले असतील, कडेचा फोम गळून पडला असेल, तर मोठा वाटा त्यांना द्या आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरच वर्ष काढा. दोन्ही नसेल तर आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेली स्पीकरची जोडी सोयीची. पुढे तो भाग बिघडला तर स्पीकरही अडून बसतो, एवढे मात्र लक्षात असू द्या.

बिल पक्के घ्या आणि वॉरंटीवर शिक्का मारून घ्या. फसवणूक झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल नसेल तर बाजू लंगडी पडते.

एक शेवटचे. घरातले वडीलधारे "आवाज वाढव" म्हणत असतील तर वॅट वाढवण्याआधी त्यांचे कान तपासून घ्या. ऐकू कमी येणाऱ्याला मोठा आवाज नको असतो, स्पष्ट शब्द हवा असतो. खर्ज थोडा उतरवला आणि स्पीकर त्यांच्या जवळ आणला की पुष्कळदा काम होते. चाळीच्या भिंती पातळ असतात. शेजारची मुलगी अभ्यासाला बसली असेल तर आपले गाणे आपल्याच खोलीत राहावे. वस्तीसाठी ध्वनीची मर्यादा २००० सालच्या नियमांप्रमाणे दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरची खरी ओळख हळू आवाजातच पटते. दुकानातही तो हळू वाजवूनच पारखा.