भिंतीवरचा शजरा उतरवा

आमच्या मोठ्या चाचांच्या बैठकीत काचेच्या चौकटीत एक शजरा टांगलेला आहे. हिरवी वेलबुट्टी, सोनेरी अक्षरं, अगदी वर बगदादचे एक बुजुर्ग आणि सगळ्यात खालच्या फांदीवर आम्ही. मधली काही शतकं चार-पाच नावांत उरकली आहेत आणि ती नावं सगळी पुरुषांची. दहा-बारा वर्षांपूर्वी एका नातेवाइकाने पैसे मोजून तो बनवून आणला. त्याआधी आमच्या घरात बगदादचं नाव कुणी काढलं होतं का, असं मी दादीला विचारलं. ती म्हणाली, "बगदाद? आपुन तो कराड के आगे नहीं गये."

मला या शजऱ्याचं पूर्वी हसू यायचं. दोन वर्षांपूर्वी भावाच्या प्रवेशाची वेळ आली, तेव्हापासून राग येतो.

भावाला ओबीसीचा दाखला हवा होता. अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द होता, 'मुसलमान'. अर्ज परत आला. मुसलमान हा धर्म आहे, जात सांगा. महाराष्ट्रात ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे मागतात, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, आणि कागद जितका जुना तितकं त्याला वजन. आमच्याकडे काय होतं? बगदाद. चाचा म्हणाले, "शजरा जोड की अर्जाला." ते चेष्टा करत नव्हते.

मी दादांच्या गावच्या मराठी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी जुनी जनरल रजिस्टरं काढून दिली, वाळवीने कडा खाल्लेली. तिसऱ्या दिवशी दादांचं नाव सापडलं. वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख १ जून (गुरुजींच्या कृपेने महाराष्ट्रातली निम्मी जनता याच दिवशी जन्मलेली आहे), आणि जातीपुढे मोडी वळणाच्या अक्षरात 'मुसलमान पिंजारी'.

पिंजारी. तातेची कमान खांद्यावर घेऊन गावोगाव कापूस पिंजत फिरणारे. ज्यांनी पिंजलेल्या कापसाच्या गाद्यांवर पाटलांपासून कुलकर्ण्यांपर्यंत सगळे झोपले ते. मी त्या पानावर हात ठेवून बराच वेळ बसले होते. संध्याकाळी आनंदाने चाचांना फोन केला, तर पलीकडून आवाज खाली आला, "खानदानात बोलू नको. तुझ्या बहिणीचं रिश्त्याचं चाललंय."

माझं भांडण या वाक्याशी आहे. भाषणात आपण सांगतो की इस्लाममध्ये ऊच-नीच नाही, आणि बैठकीत तांबोळी, बागवान, अत्तार, मुलाणी, शिकलगार, पिंजारी हे शब्द शिवीसारखे दाबतो. शेख लावतो, सय्यद लावतो, खान लावतो. मुलाणी हा गावगाड्यातला बलुतेदार होता, गावाला त्याच्यावाचून चालत नव्हतं. त्यात लाज कसली? लाज वाटायची तर पूर्वजाचं काम पुसून त्याच्या जागी परका माणूस बसवला, याची वाटावी. वर गंमत अशी की, जे लोक आपल्याला 'बाहेरून आलेले' म्हणतात, त्यांच्यासाठी भिंतीवरचा हा पुरावा आपण स्वतःच्या खर्चाने सोनेरी शाईत छापून ठेवतो.

कोकणातल्या मित्रांनी इथे हात वर करू नये. किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांची वस्ती होती, हे नोंदलेलं आहे. अल-मसऊदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला आला, तेव्हा त्याला तिथे मुसलमानांची मोठी वस्ती दिसली. तुमच्या घरात तशी आठवण असेल तर जरूर तपासा. तपासा म्हणते आहे, टांगा म्हणत नाही.

आणि दुसऱ्या बाजूने टाळ्या वाजवायला टपलेल्यांनाही सांगते. त्या रजिस्टरात पिंजारी लिहिलं आहे. आमचे पूर्वज कलमा कधी पढले, कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या पिराच्या ओढीने, यातलं एक अक्षर तिथे नाही. कागद जिथे गप्प आहे तिथे मीही गप्प बसते. 'तुम्ही मुळात आमचेच' हे सर्टिफिकेट मिळवायला मी वाळवी झटकत बसले नव्हते.

सुरुवात कुठून करायची, असं अनेक जण विचारतात. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून, आणि याच महिन्यात. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि "आपण कुठून आलो?" असं मात्र विचारू नका, त्याचं उत्तर शजऱ्याचंच येतं. माहेर कुठलं, निकाह कुणी पढवला, मेहर किती होता, दाई कोण होती, दुष्काळात कुठे गेलात, असं विचारा. माझ्या दादीने एका दुपारी सात गावांची नावं घेतली. शजऱ्यात त्यातलं एकही नाही.

मग कागद. जमीन असेल तर सातबारा हे फक्त शेवटचं पान समजा. गोष्ट असते फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, आणि ६-क च्या वारस नोंदींत. जुने फेरफार बऱ्याच जिल्ह्यांत स्कॅन होऊन 'आपले अभिलेख'वर आले आहेत, नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागायची. जमीन नव्हती? ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा, घराची आकारणी कुणाच्या नावे होती ते कळेल. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, त्यात जन्म-मृत्यू आहेत आणि पुष्कळदा जातही. काझींकडच्या निकाहच्या रजिस्टरात वकील आणि गवाह यांची नावं असतात, आणि गवाह सहसा जवळचेच.

लिपीची अडचण येईल. पश्चिम महाराष्ट्रातले आपले जुने कागद मोडीत आहेत. आपण अरबी शिकलो, इंग्रजी शिकलो, पण पणजोबांचं नाव ज्या लिपीत लिहिलंय ती वाचता येत नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. मी दोन महिन्यांत अडखळत वाचायला लागले. नानीचं माहेर बीडकडचं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. तिथे दफ्तर उर्दूत होतं, आणि तिथल्या नकला मला मदरशात शिकलेल्या मामूंनी वाचून दाखवल्या. मराठवाड्यातल्यांनी १९५४-५५ चं खासरा पहाणीपत्रक आधी मागावं.

फेरफार उलगडताना मला आमच्या घरातली दुसरी झाकलेली गोष्ट दिसली. पणजोबा वारले तेव्हाच्या वारस नोंदीत तीन मुलगे आणि दोन मुली आहेत. पुढच्याच फेरफारात दोन्ही बहिणींनी 'राजीखुशीने' हक्क सोडल्याची नोंद. कुरआनने दिलेला हिस्सा पुढच्याच पानावर गायब! त्यातल्या एका बहिणीचं नाव घरात कुणालाही माहीत नव्हतं. अब्बांनाही नाही. त्यांची सख्खी फुफी.

शजऱ्यात तिला जागा नाहीच. पण जात पडताळणीसाठी मी वंशावळ लिहायला बसले, तर तिथेही बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. शासनालाही आईचं माहेर लागत नाही. अर्जाला हवी तशी वंशावळ मी करून दिली. घरासाठी वेगळी वही केली आहे. तिच्यात पहिल्या पानावर त्या फुफीचं नाव आहे आणि तिच्या सासरच्या गावापुढे प्रश्नचिन्ह. शेजारच्या तालुक्यातल्या एका काझींकडे त्या काळातली रजिस्टरं आहेत असं कळलंय. येत्या जुम्म्यानंतर जायचं आहे.

भावाला दाखला मिळाला, पडताळणी बाकी आहे. चाचांच्या बैठकीत शजरा अजून तसाच आहे. मात्र त्यांचा धाकटा यंदा बारावीला आहे. परवा त्यांचा फोन आला, इकडचं-तिकडचं बोलले, मग म्हणाले, "ती शाळेतली नक्कल अजून एक काढून ठेव. घरी नको आणू. दुकानावर आण."