ताशी किती सुटतात?

एडिसनहून शनिवारी अटलांटिक सिटीला निघणाऱ्या गाड्यांत आता आपली मराठी माणसंही असतात. दिवाळीतल्या तीनपत्तीवर हात बसलेला असतो, पोकर ऑफिसातल्या कुणीतरी शिकवलेलं असतं. एक-दोन डॉलरच्या टेबलावर दोनशे डॉलर घेऊन बसायचं आणि रात्री परतायचं. यात मला काही गैर वाटत नाही. मीही बरीच वर्षं जातो आहे.

पण परतीच्या वाटेवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मला ताशी पंचवीस सुटतात." मग घरी त्या पंचवीसांवर बेत रचले जातात. नव्या गाडीचा हप्ता, मुलांचा क्लास, कधी तर नोकरी सोडण्याच्या गोष्टी. म्हणून चार शब्द सांगतो.

आधी हिशेब नीट मांडा. समजा, एका शनिवारी तुम्ही ३ तास बसलात आणि २४० डॉलर जिंकून उठलात. ताशी ८० झाले. पुढच्या शनिवारी पत्ते रुसले. भरून काढायच्या नादात ९ तास बसलात आणि १८० घालवून आलात. ताशी २० गेले. या दोन आकड्यांची सरासरी काढली तर ताशी ३० सुटल्यासारखे दिसतात. खरं काय झालं? १२ तासांत ६० डॉलर मिळाले. ताशी ५.

ही चूक हुशार माणसंही करतात. जिंकलं की आपण लवकर उठतो, हरलं की खुर्चीला चिकटतो. म्हणून एकूण पैशांना एकूण तासांनी भागा. दुसरा कुठलाही भागाकार करू नका.

त्यासाठी एक छोटी वही ठेवा. तारीख, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, घेतलेल्या चिप्स, परत केलेल्या चिप्स. मध्येच खिशातून काढून पुन्हा घेतलेल्या चिप्स विसरू नका. जेवायला उठलात तो अर्धा तासही धरा. आणि हे सगळं पार्किंगमधून गाडी काढण्याआधी लिहा. घरी पोचेपर्यंत आकडा बदलतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

आता टेबलावरचे पैसे जातात कुठे ते बघा. आपल्याकडे अड्डेवाला डावामागे काढून घेतो त्याला नाल म्हणतात. कॅसिनोत तेच काम रेक करतो. साधारणपणे डावातल्या रकमेचे १० टक्के, त्याला चार ते सहा डॉलरची मर्यादा. बऱ्याच ठिकाणी जॅकपॉटच्या नावाने आणखी एक-दोन डॉलर निघतात. डाव जिंकणारा डीलरला एक डॉलर टीप देतो.

लहान डाव धरून सरासरी साडेचार डॉलर म्हणू या. तासाला तीसेक डाव होतात. म्हणजे तासाला १३५ डॉलर टेबलावरून नाहीसे होतात. नऊ जणांत माणशी १५.

हे जरा थांबून समजून घ्या. सारख्याच अकलेचे नऊ जण बसले, तर हळूहळू नऊच्या नऊ हरतात. ताशी १० जिंकायचे असतील तर तुम्हाला समोरच्यांपेक्षा ताशी २५ ने सरस खेळावं लागतं. टेबलावर कच्चे खेळाडू असतात म्हणूनच ते जमतं. सगळं टेबल तयार मंडळींचं दिसलं, तर तुम्ही कितीही चांगले असा, दुसरं टेबल मागा.

मग चांगला आकडा कुठला? माझ्या मते एक-दोनच्या टेबलावर वर्षभराच्या खेळात ताशी १० डॉलर टिकले तर तुम्ही चांगले खेळता. खेळणाऱ्यांच्या भाषेत तासाला पाच बिग ब्लाइंड, म्हणजे दोन डॉलरच्या पाच सक्तीच्या बोल्या. ताशी २० टिकवणारे फार थोडे. कुणी ताशी ५० सांगितले तर वाद घालू नका. किती तासांचे, एवढंच विचारा.

कारण नशीब फार दिवस पाहुणचार घेतं. या टेबलावर एका तासात शंभर-सव्वाशे डॉलर इकडे किंवा तिकडे होणं रोजचं आहे. माझा हिशेब ताशी १२० च्या चढउताराचा आहे. तो धरला तर ६० तासांत १५०० जिंकणारा, म्हणजे तो ताशी पंचवीसवाला, खरोखर चांगला असेलच असं नाही. ना नफा ना तोटा असे खेळणारे वीस जण ६० तास बसवले, तर त्यांतल्या एखाद्याचा आकडा नुसत्या नशिबाने तेवढा होतो. आणि तो एकच आपल्याला फोन करून सांगतो.

उलट बाजूही सांगतो, कारण काहींना धीर हवा असतो. ज्यांना खरोखर ताशी १० सुटतात, असे पाच जण १०० तास खेळले, तर त्यांतला एखादा तोट्यात असतो. तेव्हा शंभर तासांवरून स्वतःला वाईटही ठरवू नका. पाचशे तासांनंतर चित्र थोडं उजळतं. हजार तासांनंतर वहीत ताशी १० दिसले, तरी खरा आकडा अडीचपासून साडेसतरापर्यंत कुठेही असू शकतो. शनिवारी सहा तास खेळणाऱ्याला हजार तास व्हायला तीन वर्षं लागतात. तोवर त्या पैशांना पगार म्हणू नका.

आता रस्ता. एडिसनहून जाऊन-येऊन तीन तास मोडतात. गॅस, टोल आणि जेवण मिळून पन्नासेक डॉलर सहज जातात. सहा तास खेळून ६० जिंकलात, तर नऊ तासांचे १० उरले. न्यू जर्सीत २०२५ साली किमान मजुरी ताशी १५.४९ डॉलर होती. मौजेसाठी जात असाल तर खुशाल जा, सिनेमालाही पैसे लागतातच. पण घरी त्याला जोडधंदा म्हणून सांगू नका.

कराचाही विचार करा. अमेरिकेत जुगारात जिंकलेले पैसे करपात्र असतात, फॉर्म हातात पडो न पडो. बहुतेक कुटुंबं स्टँडर्ड डिडक्शन घेतात, त्यांना हरलेले पैसे वजा करता येत नाहीत. जे तपशीलवार वजावट घेतात त्यांनाही २०२६ पासून नुकसानीचे ९० टक्केच धरता येतात. वर्षात जिंकलेले १०,००० आणि हरलेले १०,००० असतील, तर हाती शून्य असूनही १,००० वर कर लागतो. डिसेंबरात सुट्टीवर गेल्यावर गोव्यात मांडवीतल्या बोटीवर बसणार असाल, तर तिथलं गणित आणखी कडक आहे. भारतात पत्त्यांत जिंकलेल्या पैशांवर ३० टक्के कर आहे आणि हरलेले त्यातून वजा होत नाहीत. तुमच्या सीएला वही दाखवा.

खेळाचे पैसे वेगळे ठेवा. दोनशे डॉलरचे वीस फटके सोसतील एवढे, म्हणजे चार हजार. ते संपले तर क्रेडिट कार्डावर उचल करू नका, बायकोच्या किंवा नवऱ्याच्या खात्याकडे बघू नका. काही महिने घरी बसा.

आणि ती वही कपाटात लपवू नका. आमच्याकडे ती किराण्याच्या यादीशेजारी असते. सौ. ती चाळते, कधी हसते, कधी हसत नाही. तुम्हाला ती लपवावीशी वाटू लागली, किंवा हरलेला आकडा कमी करून लिहावासा वाटला, तर न्यू जर्सीत १-८००-४२६-२५३७ या क्रमांकावर मदत मिळते. तिथे तुमचं बोलणं गुप्त राहतं. घरातल्या दुसऱ्या माणसानेही फोन केला तरी चालतो.