रस्त्याची नाडी



एलातच्या किनाऱ्यावरून निरभ्र दिवशी आग्नेयेस पाहिले, तर सौदी अरेबियाचे डोंगर दृष्टीस पडतात. त्या विस्तीर्ण वाळवंटी देशात रस्त्याची प्रकृती कशी तपासावी, याविषयी आज थोडेसे.

कोकणात एस. टी.च्या मागच्या बाकावर बसून ज्यांनी प्रवास केला, त्यांना रस्ता मोजण्याचे एक यंत्र ठाऊक आहेच : आपला पाठीचा कणा! शास्त्रज्ञांनी हेच तत्त्व अंकांत बांधले. १९८२ साली ब्राझीलमध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने प्रयोग झाले आणि त्यांतून खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक सिद्ध झाला. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या एका प्रमाणित मोटारीच्या स्प्रिंगा दर किलोमीटरला एकूण किती मीटर हलतील, तो हा अंक. शून्य म्हणजे पूर्ण सपाट रस्ता.

लेसर किरणांनी रस्ता न्याहाळणारी वाहने सौदी अरेबियात आहेत. परंतु ती महाग. आडवाटांवर ती वरचेवर कशी जाणार? तेथे स्वस्त उपाय कामी येतो. मोबाइल फोनमध्ये हादरे टिपणारा चिमुकला संवेदक असतो. फोन मोटारीत घट्ट बसविला, की तो हादऱ्याचे प्रमाण आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्याचे ठिकाणही नोंदवितो.

मात्र एकाच खड्ड्यात ट्रक निराळा हादरतो, लहान मोटार निराळी. वेग बदलला की हादराही बदलतो. म्हणून अचूक मोजलेल्या रस्त्यावर ती मोटार आधी चालवून तिच्या नोंदींची पारख करावी लागते. तराजू वापरण्यापूर्वी वजने तपासावीत, तसेच हे.

तरीही एक धोका उरतो. तेथील प्रखर उन्हात डांबर मऊ होते व अवजड ट्रकांच्या चाकांखाली रस्त्यावर लांबच लांब चाकोऱ्या पडतात. चाकोरीतून जाणारी मोटार फारशी उसळत नाही. फोन म्हणतो, रस्ता उत्तम! पुढे पाऊस आला की त्याच चाकोरीत पाणी साचते, टायरांची पकड सुटते आणि प्रवाशाच्या जिवावर बेतते. यास्तव रस्त्याची आडवी मोजणीही हवीच.

शिक्षकी पेशाच्या प्रशिक्षणात आम्हांस एक धडा मिळाला होता : एकाच प्रश्नपत्रिकेने मुलाची पारख करू नये. रस्त्यालाही तोच न्याय लागू आहे.