रांगोळी, नुक्ता आणि रस्ता

रांगोळी आपली नाही, असे आपल्या समाजात सर्रास म्हटले जाते. 26 जानेवारी जवळ आला की एखाददुसऱ्या पालकाचा निरोप येतोच, आमच्या मुलीला रांगोळीत घेऊ नका. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे हा निरोप बहुधा माझ्याकडेच येतो. नकार देण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण आपण नक्की कशाला नकार देतो आहोत, हे एकदा पाहायला हवे.

लक्ष्मीची पावले, स्वस्तिक ही श्रद्धेची चिन्हे आहेत. ज्याची ती श्रद्धा नाही त्याने ती काढू नयेत, इतका तो साधा प्रश्न आहे. पण ठिपक्यांची रांगोळी? तिला धर्म कुठून आला? मधल्या ओळीत 15 ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत 8 पर्यंत यायचे. हा झाला षटकोन. ठिपके चुकले नाहीत तर नक्षी आपोआप जुळते. बीबी-का-मकबऱ्यात कबरीभोवती जी संगमरवरी जाळी आहे ती नीट पाहा. तिथेही कारागिराने आधी हिशेबच केला आहे आणि फुले नंतर फुलवली आहेत.

उर्दूच्या तासाला तर हे रोजच दिसते. कलम तिरकी कापून कागदावर टेकवली की चौकोनी नुक्ता उमटतो आणि त्याच नुक्त्याने अक्षर मोजतात. नस्तालीकमध्ये अलिफची उंची साधारण तीन नुक्ते. नुक्त्याने अक्षर मोजण्याची ही पद्धत 10 व्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुकला याने बसवली, असे मानले जाते. तो नुक्ता, हा ठिपका. एक पोरगी सकाळी कलमेने जे शिकते तेच दुपारी चिमटीने करते, एवढाच फरक. आणि चिमूट शिकवणे सोपे नाही बरं का! अंगठा आणि तर्जनी यांतून पूड एकसारखी सुटली पाहिजे, हात थांबला की ढीग पडतो, घाई केली की रेघ तुटते. हल्ली भोकांचे साचे आणि चिकटवायच्या रांगोळ्या मिळतात. त्यांनी अंगण सजते, हात तयार होत नाही.

आता रस्त्याकडे येते. रस्त्यावरची रांगोळी पुसली जाण्यासाठीच असते. आषाढी वारीत पालखीच्या वाटेवर पहाटेपासून रांगोळीच्या पायघड्या घालतात, त्या पावलांखाली जाव्यात म्हणूनच. ती रांगोळी विस्कटली म्हणून कुणाला वाईट वाटत नाही.

म्हणूनच जे पायाखाली जाऊ नये असे आपल्याला वाटते, ते रांगोळीत काढू नये. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस अहिल्यानगरमध्ये रस्त्यावरच्या रांगोळीत पैगंबरांचे नाव लिहिले गेले. गुन्हा नोंदवला गेला, तरी पुढे रस्ता अडवला गेला आणि लाठीमार झाला. आपल्या घरांत उर्दू मजकुराचा चिटोरा खाली पडला तरी तो उचलून उंचावर ठेवतात. अशा माणसांना ते नाव डांबरावर पाहून दुखणारच. कायद्याकडे जाणे योग्यच होते. पण रस्ता अडवून त्या नावाचा अदब किती राखला गेला, हेही आपणच स्वतःला विचारायचे आहे. दवाखान्यात निघालेल्या माणसाला थांबवून कोणाची इज्जत वाढते?

हा नियम फक्त आपल्यापुरता मी मागत नाही. जयंतीला चौकात महापुरुषांचा चेहरा रांगोळीत रेखाटतात, मग भोवती दोरी बांधून रात्रभर राखण करतात. सभागृहात, प्रदर्शनात तेच चित्र काढले तर मीसुद्धा कौतुकाने पाहीन, त्यामागची मेहनत मला कळते. पण भर चौकात तसा चेहरा काढणे म्हणजे भांडणाला जागा करून देणे आहे. कुत्रे त्यावरून गेले, कुणाची दुचाकी गेली, की कोणी मुद्दाम केले याची चौकशी सुरू. रस्त्यावर नाव नको, चेहरा नको, घोषणाही नको. वेली, फुले, ठिपके पुष्कळ झाले.

हे शाळांनीही आधीच जाहीर करावे. अंगणातली रांगोळी ठिपक्यांची असेल, चिन्हे आणि नावे असणार नाहीत, एवढे पालकांना कळवले तर निम्मे निरोप येणारच नाहीत. राहिलेल्या पालकांना मी एकदा वर्गात बोलावून नुक्त्यांनी मोजलेला अलिफ आणि शेजारी 15 ते 8 ची रांगोळी दाखवते. त्यातल्या काही मुली मग येतात, काही नाही येत. न येणाऱ्या मुलींना त्या दिवशी मी फलकलेखनाचे काम देते, कारण त्यांनाही काहीतरी हाताने करायला मिळाले पाहिजे.