घरच्या घरी रिव्हॉल्व्हर 'कस्टमाइज' करता येतं का? मूठ बदलणं आणि सात वर्षांची कैद यांच्यातली रेषा

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट. या भागातल्या वाड्यांमध्ये बंदूक म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती ठासणीची किंवा काडतुसाची लांब बंदूक. भात आणि नाचणीत घुसणाऱ्या रानडुकरांना पिटाळायला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. रिव्हॉल्व्हर इथं सहसा दिसत नाही.

मोबाइलवर मात्र ती रोज दिसते. अमेरिकेतला एखादा माणूस स्वयंपाकघराच्या टेबलावर छोटं रिव्हॉल्व्हर उघडतो, स्प्रिंग बदलतो, चाप हलका करतो, नवी रबरी मूठ बसवतो. तीस सेकंदांची रील, लाखो लाइक्स. खाली मराठीत कमेंट असते, "आपल्याकडे हे कुठे करून मिळेल?"

या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं. कारण त्या रीलमधली काही कामं भारतात थेट तुरुंगात नेणारी आहेत.

गोविंदाच्या घरी काय झालं होतं?

१ ऑक्टोबर २०२४ ची पहाट. अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. त्यांचं स्वतःचं, परवाना असलेलं रिव्हॉल्व्हर हातातून पडलं, गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली.

तेव्हा अनेकांनी विचारलं की नुसतं पडल्यावर गोळी कशी सुटेल? त्या घटनेतला नेमका दोष काय, हा तपासाचा भाग. पण तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. रिव्हॉल्व्हरच्या मागच्या बाजूला हातोडीसारखा 'घोडा' असतो. जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये हा घोडा समोरच्या काडतुसावर जवळजवळ टेकलेला असतो. हत्यार घोड्यावर आपटलं, तर तो धक्का थेट काडतुसाला बसतो. म्हणूनच जुने जाणकार घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवत. नव्या रचनेत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये एक अडसर असतो. चाप पूर्ण ओढल्याशिवाय गोळी सुटू नये, हे त्याचं काम.

घरी चाप 'मऊ' करायला किंवा स्प्रिंग कापायला गेलं, की हीच सुरक्षा बिघडू शकते. बाहेरून काहीच कळत नाही. कळतं ते हत्यार हातातून पडल्यावर.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची निर्मिती, विक्री, रूपांतर आणि दुरुस्ती या सगळ्यांसाठी वेगळा परवाना लागतो. हत्यार बाळगण्याचा परवाना म्हणजे ते दुरुस्त करण्याचा परवाना नव्हे. नळी आखूड करणं किंवा खेळण्यातल्या बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करणं, यासाठी कलम ६ आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षा वाढली. पूर्वी या गुन्ह्यांना किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद होती. आता किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवण्याची मर्यादा आली आणि हर्षोल्हासात निष्काळजीपणे केलेला गोळीबार स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणखी एक गोष्ट म्हणजे हत्यारावरचा क्रमांक. तो खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहेच. पण खोडलेल्या क्रमांकाचं हत्यार ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच तो खोडला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे 'छान पॉलिश करून घेतलं' एवढ्यानेही माणूस अडकू शकतो.

मग मूठ बदलता येते का?

मूठ हा गोळी झाडणाऱ्या यंत्रणेचा भाग नाही. ती हाताची सोय आहे. पण मूठ काढली की आतली स्प्रिंग उघडी पडते आणि हात तिकडे वळतो. त्यामुळे हे कामसुद्धा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा कारागिराकडे, पावती घेऊन करणं शहाणपणाचं. नवी मूठ क्रमांक झाकणार नाही, हेही बघायला हवं. तपासणीत पोलिस आधी क्रमांकच पाहतात.

आरामदायी मूठ म्हणजे कशी?

हत्यार जितकं हलकं, तितका हाताला धक्का जास्त. भारतात सामान्य नागरिकांसाठी .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर प्रचलित आहेत. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेलं 'निर्भीक' साधारण ५०० ग्रॅमचं. इशापूरचं .२२ बोअरचं 'निडर' त्याच्या निम्म्या वजनाचं. .३२ चं काडतूस तसं सौम्य, तरी छोट्या मुठीवर करंगळी लोंबकळत राहते, पकड सैल होते आणि नेम हलतो.

दुकानात हत्यार पूर्ण रिकामं असल्याची खात्री करूनच पकड तपासावी. तीन गोष्टी पाहाव्यात. मनगट न वळवता बोटाचं टोक चापापर्यंत पोहोचतं का, तळहात आणि मुठीत पोकळी राहते का, करंगळीला जागा मिळते का.

रबरी मूठ धक्का शोषते, पण कपड्याला चिकटते. लाकडी मूठ कपड्यातून सहज सरकते, पण घामेजल्या हातात निसटते. आणि महाड-पोलादपूरसारख्या धो धो पावसाच्या भागात लाकूड फुगतं, कोणत्याही मुठीखाली ओल धरते, आतून गंज चढतो. मूठ मोठी केली तर पकड सुधारते, पण मग हत्यार 'छोटं' राहत नाही. सगळ्या बाजूंनी सोयीची मूठ नसतेच.

हत्यार कोणाचं, परवानगी कोणाची?

अमेरिकेत बंदूक बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क मानला जातो. आपल्याकडे ती सरकारने मुदतीसाठी दिलेली परवानगी आहे. रायगडमध्ये ती जिल्हाधिकारी देतात, मुंबईत पोलिस आयुक्त. कोकणातल्या शेतकऱ्याला हा फरक दर निवडणुकीत जाणवतो. आदेश आला की शेतात डुकरं असली तरी बंदूक पोलिस ठाण्यात जमा करावी लागते. पैसे त्याने मोजलेले असतात, पण बंदूक कधी हातात ठेवायची हे तो एकटा ठरवत नाही.

रिव्हॉल्व्हरचंही तेच. हाताला बसणारी मूठ जरूर निवडा, ती नेम आणि सुरक्षितता दोन्ही सुधारते. चाप, स्प्रिंग, नळी आणि क्रमांक यांना मात्र घरी हात लावू नका. आणि घरात ठेवताना हत्यार रिकामं, काडतुसं वेगळी, दोन्ही कुलपात. हे करायला ना कारागीर लागतो, ना रील.