दाद मागणाऱ्याचा चौक

दिवाळीच्या खरेदीला ठाण्याच्या जांभळी नाक्यावर गर्दी उसळते, तिथल्या चौकाला रंगो बापूजी गुप्ते यांचे नाव आहे. १८५७ साली इंग्रजांना गुंगारा देऊन ते ठाण्यात आले, इथेच शेवटचे दिसले, असे सांगतात. बंडवाले म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली ती वकिलीत. ५ सप्टेंबर १८३९ रोजी कंपनी सरकारने साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत केले. त्यांच्यावरील आरोपांची उघड चौकशी झालीच नाही. त्याची दाद मागायला रंगो बापूजी लंडनला गेले. कंपनीच्या भागधारकांची सभा, पार्लमेंटचे सभासद, छापील पत्रके, एकही दार त्यांनी सोडले नाही. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले, १८४८ मध्ये दत्तक नाकारून राज्य खालसा झाले. अशील गेला, राज्य गेले, तरी वकील १८५३ पर्यंत हटला नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, ही एका गादीसाठी केलेली चाकरी होती. पण त्यांची मागणी नीट पाहावी: आरोप ठेवलात, तर आरोपीचे म्हणणे ऐका. हा हक्क राजाचा तेवढाच रयतेचाही. म्हणूनच गुलामगिरीविरुद्ध झटणारे जॉर्ज थॉम्सन यांच्यासारखे वक्ते साताऱ्याच्या बाजूने उभे राहिले. दुसरा आक्षेप असा की, अखेर शस्त्रच उचलायचे होते, तर अर्जविनंत्यांत इतकी वर्षे का घालवली? आमच्या मते त्या वर्षांनीच १८५७ च्या उठावाला नैतिक बळ दिले. न्यायाचे प्रत्येक दार ठोठावून झालेल्या माणसाला अविचारी म्हणता येत नाही. उठावाची किंमत भयंकर होती. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात सतरा जणांना देहदंड झाला, त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता.

हरल्यावरही परतायला वाट असणे म्हणजे काय, हे शस्त्र उचललेल्या दुसऱ्या एका वकिलाकडे पाहून कळते. चारच वर्षांनी अमेरिकेत यादवी पेटली. जॉन मॉस्बी हा व्हर्जिनियाचा वकील गुलामगिरी राखणाऱ्या बाजूने घोडदळ घेऊन लढला, हरला. पुढे पुन्हा वकिली करून हाँगकाँगला अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणूनही गेला. पराभूताला परतायला तिथे न्यायालय आणि नागरिकत्व होते. रंगो बापूजींना यांतले काहीच नव्हते. आपल्याला ते आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ‘अर्ज करून काय होणार?’ असे हताशपणे म्हटले जाते, तेव्हा हा फरक आठवावा. आपली बाजू पुराव्यानिशी मांडणे आणि दुसऱ्याची ऐकून घेणे, याच निष्ठेने हा अंक सिद्ध केला आहे. 

– संपादक